अर्धा किलोचं रिव्हॉल्व्हर, पाच किलोचा चाप

प्रश्न : मी पलूस तालुक्यात राहतो, वय ३४. एमआयडीसीत लेथवर काम करतो. जत्रेत फुगे फोडण्यापलीकडे बंदूक कधी हातात धरलेली नाही, पण नेमबाजी शिकायची फार इच्छा आहे. वडिलांच्या नावावर बारा बोअरची बंदूक आहे. मला एखादं स्वस्त, हलकं, हाताळायला सोपं रिव्हॉल्व्हर घ्यायचं आहे. बजेट लाखभर. मित्र म्हणतात, अडीचशे ग्रॅमचं निडर नाहीतर अर्ध्या किलोचं निर्भीक घे. बायकोलाही शिकायचं आहे, म्हणून हलकंच बरं असं वाटतं. सरावाला आमचा मळा आहे, विहिरीमागे मातीचा चांगला पुरुषभर बांध आहे. काय घ्यावं?
— एक वाचक, ता. पलूस

उत्तर :

तुमच्या पत्रात ‘हलकं’ आणि ‘सोपं’ हे दोन शब्द जोडीनं आले आहेत. सगळा घोळ तिथंच आहे, म्हणून आधी तो सोडवू. कुठलं हत्यार घ्यायचं ते मग आपोआप उलगडेल.

काडतूस तेच असेल तर गोळी पुढं जाताना हत्याराला मागं बसणारा धक्काही तेवढाच. ७०० ग्रॅमचं रिव्हॉल्व्हर ज्या वेगानं हातात उसळतं, त्याच्या १.४ पट वेगानं ५०० ग्रॅमचं उसळणार. वजन जेवढ्या पटीनं घटवाल तेवढ्या पटीनं उसळी वाढली, साधा त्रैराशिकाचा हिशेब. अशा रिव्हॉल्व्हरचं .३२ इंची काडतूस तसं सौम्य आहे, मनगटाला इजा वगैरे काही होत नाही. अडचण दचकण्याची आहे. पहिल्या पाच-सहा गोळ्यांत हातानं धसका घेतला, की पुढच्या गोळीला चाप सुटायच्या आधीच मनगट खाली दाबायला लागतं. उजव्या हाताच्या माणसाच्या गोळ्या मग डावीकडे खाली लागू लागतात. तो बिचारा साइट, म्हणजे नेम धरायची खूण, चुकीची आहे म्हणून ती फिरवत बसतो. ही खोड एकदा लागली की सोडवायला महिने जातात.

आता चापाकडे या. डबल ॲक्शन म्हणजे नुसता चाप ओढून गोळी झाडणं. त्या एका ओढीत तुमचं बोट घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारी हातोडी, मागं नेतं आणि काडतुसांची घरं असलेला सिलिंडरही एक घर पुढं फिरवतं. अशा ओढीला साधारण पाच ते सहा किलो जोर लागतो. म्हणजे अर्ध्या किलोची वस्तू एका हातात अधांतरी धरून तिचाच एक भाग तिच्या वजनाच्या दहापट जोरानं ओढायचा, आणि तेवढ्या वेळात तिचं तोंड केसभरही हलू द्यायचं नाही. हलक्या बेडच्या लेथवर खोल कट घेतला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. हातातलं हलकं रिव्हॉल्व्हर तसंच चॅटर मारतं, म्हणजे थरथरतं.

घोडा अंगठ्यानं आधी मागं घेऊन ठेवला, म्हणजे सिंगल ॲक्शन केली, तर चाप दोन-अडीच किलोवर येतो आणि ओढही अगदी थोडी राहते. शिकाऊ माणसानं नेमाचा सराव असाच करायचा. फक्त एक गोष्ट आधी रिकाम्या हत्यारावर पक्की करून घ्या : घोडा ताणल्यावर विचार बदलला तर तो खाली कसा आणायचा. तोंड लक्ष्याकडेच ठेवायचं, अंगठा घोड्यावर घट्ट रोवायचा, घोड्याचा भार अंगठ्यावर आल्यावरच चाप दाबायचा आणि घोडा सावकाश टेकवायचा. घामेजलेल्या किंवा तेलकट अंगठ्यानं हे कधीच करू नये. अंगठा निसटतो आणि गोळी जाते.

तिसरा मुद्दा साइटचा. मागच्या साइटपासून पुढच्या साइटपर्यंतचं अंतर जेवढं कमी, तेवढी हाताची चूक मोठी होऊन कागदावर दिसते. तीन इंची नळीच्या रिव्हॉल्व्हरवर हे अंतर १३० मिलिमीटरच्या आसपास धरा. पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर सरकली तर १० मीटरवर गोळी जवळजवळ ७७ मिलिमीटर बाजूला जाते. स्पर्धेच्या एअर पिस्तुलावर साइटमधलं अंतर ३४० च्या घरात असतं, तिथं तीच एक मिलिमीटरची चूक २९ मिलिमीटरवर थांबते. खिशात मावणाऱ्या आखूड नळीच्या हत्यारावर ती १०० च्याही पुढं जाऊ शकते. तुम्ही मायक्रॉनमध्ये मोजणारे, एवढ्यावरून पुढचा अंदाज बांधाल.

स्पर्धेच्या नियमांत पाहा. १० मीटर एअर पिस्तुलाला १५०० ग्रॅमपर्यंत वजन चालतं, २५ मीटरच्या .२२ पिस्तुलाला १४०० पर्यंत. चाप मात्र पहिल्याला कमीत कमी ५०० ग्रॅम आणि दुसऱ्याला १००० ग्रॅम एवढाच लागतो. हत्यार किलोभराचं आणि चाप त्याच्याइतका किंवा त्याहून हलका. तुमच्या मित्रांनी सुचवलेल्या यादीत बरोबर याच्या उलटं आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं ते २५ मीटर पिस्तूल प्रकारात. तो खेळ कमी वजनाच्या हत्याराचा असता तर सगळे खेळाडू खेळण्यातली पिस्तुलं घेऊन उतरले असते.

म्हणून पहिला सल्ला, थोडा कडू लागेल : आत्ता रिव्हॉल्व्हर घेऊ नका. निदान सहा महिने एअर पिस्तुलावर हात बसवा, तेही क्लबच्या. ४.५ मिलिमीटर बोअरचं (नळीच्या आतल्या व्यासाचं) आणि २० ज्यूलच्या आतल्या ताकदीचं एअर पिस्तूल परवान्याशिवाय वापरता येतं. स्पर्धेची पिस्तुलं सहा-सात ज्यूलचीच असतात. त्याच्या पेलेट्सचा, म्हणजे छोट्या छर्‍यांचा, ५०० चा डबा येतो. रोज ६० झाडल्या तरी आठवडाभर पुरतो, आणि .३२ च्या एका काडतुसाच्या पैशांत मूठभर पेलेट्स येतात. काडतुसं किती घ्यायची याचा आकडाही परवान्यावर बांधलेला असतो. तेवढ्यात घरात हत्यार बाळगणं भागतं, नेमबाजी शिकणं भागत नाही.

तुम्हाला जवळ पडेल ती कोल्हापूरची दुधाळी शूटिंग रेंज. पुण्यात बालेवाडीच्या शिवछत्रपती क्रीडासंकुलात मोठी रेंज आहे, पण दर रविवारी तेवढं जाणं जमणार नाही. सांगलीत जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त रायफल क्लबची चौकशी करा. चौकशीला जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा : प्रशिक्षक कोणत्या वारी असतो, क्लबचं पिस्तूल नवख्याला वापरायला मिळतं का, आणि हवेचा सिलिंडर कुठून भरून येतो. तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. पण या पिस्तुलांना दाबलेली हवा लागते. भरायची सोय नसेल तर रेंज असून नसल्यासारखी.

सुरुवातीला गुणांकडे बघू नका, जुडग्याकडे बघा. दहा गोळ्या कागदावर कुठंही लागोत, पण एकमेकींजवळ लागल्या पाहिजेत. साइट सरकवून जुडगं मध्यावर आणणं हे दोन मिनिटांचं काम आहे. १० मीटरच्या कागदावरचा काळा गोल सुमारे ६ सेंटिमीटरचा असतो, ५९.५ मिलिमीटर. एका हातानं झाडलेल्या दहापैकी नऊ गोळ्या त्या काळ्यात लागू लागल्या, आणि असं सलग तीन-चार रविवार झालं, की मग रिव्हॉल्व्हरचा विचार करायला हरकत नाही. नजर पुढच्या साइटच्या वरच्या कडेवर ठेवायची. ती कड तीक्ष्ण आणि लक्ष्य धूसर दिसलं पाहिजे. नवखा माणूस हमखास उलटं करतो, गोल स्पष्ट बघतो आणि साइट अंधुक सोडतो.

घरी रोज पंधरा मिनिटं कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर रिकामा चाप ओढायचा सराव करा. भिंतीवर खूण काढू नका. समोर लक्ष्य नसलं की साइट किती हलते ते स्वच्छ दिसतं. एअर पिस्तुलाला यासाठी वेगळी सोय असते, हवा न सोडता नुसता चाप टिचकतो. क्लबचं पिस्तूल घरी मिळणार नाहीच, म्हणून हा सराव स्वतःचं हत्यार आल्यावरचा. तोवर अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली हात सरळ धरून तीस सेकंद, मग मिनिटभर विश्रांती, असं दहा वेळा. खांदा भरून येतो, पण रविवारी रेंजवर त्याचा उपयोग होतो.

बायकोचं एका वाक्यात : तुमच्या परवान्यावरचं हत्यार तिला सरावाला चालणार नाही, म्हणून तिनं रेंजवर स्वतःचं सदस्यत्व घ्यावं. वडिलांची बारा बोअरही तशीच, ती त्यांच्या परवान्यापुरती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच हत्यारं ठेवता येतात. पुढं कधी वारसाहक्कानं ती बंदूक आपल्या नावावर घ्यायचा विचार असेल तर हा आकडा आजच ध्यानात ठेवा.

आणि मळा? नको. परवाना मिळाला म्हणजे मळ्यात चांदमारी करायची मुभा मिळाली असं होत नाही. पुरुषभर बांध तुम्हाला मोठा वाटतो, पण उसळीनं वर गेलेली एक गोळी त्यावरून सहज जाते. .२२ ची चिमुकली गोळीसुद्धा दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते. तेवढ्या टापूत तुमच्याकडे ऊसतोडीच्या टोळ्या असतात, जनावरं असतात, शाळेतून येणारी पोरं असतात. मातीच्या बांधात दगड निघाला, किंवा गोळी विहिरीच्या काठावर नाहीतर पाण्यावर तिरपी लागली, तर ती भलत्याच दिशेला उडते. रेंजच्या मागची भिंत, बाजूचे बांध आणि वरचे आडोसे हे सगळं याच एका कारणासाठी बांधलेलं असतं. वरातीत हौसेनं बार काढायचा विचार तर स्वप्नातही नको. आनंदाच्या भरात केलेल्या गोळीबाराला २०१९ पासून दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत.

आता समजा सहा-आठ महिने गेले, हात बसला आणि रिव्हॉल्व्हर घ्यायचंच ठरलं.

काडतुसाचा प्रश्न कायद्यानंच सोडवलेला आहे. .३८० आणि .४५५ ची काडतुसं ज्यात बसतात ती रिव्हॉल्व्हरं प्रोहिबिटेड बोअरमध्ये येतात, सामान्य माणसाला मिळत नाहीत. उरतात .३२ आणि .२२. आपल्याकडं .३२ म्हणतात ते .३२ स्मिथ अँड वेसन लाँग, १८९६ सालचं काडतूस. गोळी सहा ग्रॅमच्या आसपास, वेग सेकंदाला सव्वादोनशे मीटरच्या आगेमागे. जुनं म्हणून त्याला हिणवू नका. सपाट तोंडाची गोळी घातलेलं हेच काडतूस २५ मीटर सेंटर फायर स्पर्धेत जगभर वापरतात, कारण ते शांत आहे आणि जुडगं छान देतं.

निडर २०१५ मध्ये आलं, .२२ चं, २५० ग्रॅमचं, तेव्हा ३५,००० रुपयांच्या आसपास. कागदावर तुमच्या सगळ्या अटी पुऱ्या करतं : स्वस्त, हलकं, काडतूस लहान. पण लहान काडतुसाचा फायदा त्या अडीचशे ग्रॅमनी खाऊन टाकला आहे. हातात पकडायला जागा कमी, करंगळी लोंबकळते, साइटमधलं अंतर बोटभर. ते जवळ बाळगायचं हत्यार आहे. त्यावर नेम शिकणं म्हणजे आगपेटीच्या काडीनं सही शिकणं. .२२ ची आणखी एक भानगड म्हणजे त्याची दारू पेटवणारा मसाला काडतुसाच्या कडेत असतो. रिकाम्या चेंबरवर, म्हणजे सिलिंडरच्या घरावर, घोडा आपटत राहिलात तर फायरिंग पिन चेंबरच्या कडेवर ठोके मारते, तिथं खळगा पडतो आणि पुढं काडतूस नीट बसत नाही. म्हणून .२२ वर डमी काडतुसाशिवाय रिकामा चाप ओढायचा नाही. .३२ मध्ये मसाला मधोमध असतो, तिथं पिनेला आपटायला पोलाद नसतं. तरी पिनेवरचा ताण वाचावा म्हणून डमी घातलेली बरी.

निर्भीक २०१४ चं. कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीचं, टायटॅनियम मिश्रधातूचं, पाचशे ग्रॅमच्या आसपास, जाहीर झालं तेव्हा किंमत १,२२,३६० रुपये. स्त्रियांच्या पर्समध्ये मावावं हा त्यामागचा विचार होता. हलकेपणासाठीच ते जास्त पैसे घेतं, आणि तुम्हाला नेमका तो हलकेपणाच नको आहे. म्हणून तेही बाद.

प्रबल २०२३ मध्ये आलं. ७०० ग्रॅम, ७६ मिलिमीटरची नळी, आणि सिलिंडर बाजूला उघडतो. ५० मीटरच्या पल्ल्याची जाहिरात झाली होती. पल्ला म्हणजे गोळी तिथवर कामाची राहते एवढंच. तुम्ही ५० मीटरवर नारळ फोडाल असा त्याचा अर्थ काढू नका. पण वजन बरोबर आहे आणि बाजूला उघडणारा सिलिंडर नवख्याला सोयीचा पडतो. नळी आकाशाकडे, तळव्यानं दांडी दाबली, काडतुसांच्या सहा रिकाम्या पुंगळ्या खाली.

माझी पहिली पसंती मात्र कानपूरच्या नेहमीच्या पोलादी .३२ ला, ज्याला दुकानदार मार्क थ्री म्हणतात. जुन्या वेब्ली घराण्याचं, मधून मोडून उघडणारं, सहा गोळ्यांचं, तीन इंची नळीचं, सातशे ग्रॅमच्या आसपास. बऱ्याच वर्षांपासून चालत आलेलं असल्यानं त्याचे सुटे भाग आणि ते समजणारा कारागीर मिळतो. एक खोड सांगून ठेवतो. ते मोडून उघडलं की मधली चांदणी सहाही पुंगळ्या एकदम वर उचलते. हळूहळू उघडलंत तर एखादी पुंगळी परत चेंबरमध्ये घसरते आणि तिची कड चांदणीच्या खाली अडकते. मग ते ना उघडत ना मिटत. रिव्हॉल्व्हर आडवं कलतं धरून एका झटक्यात, पूर्ण उघडायचं. उत्तर प्रदेशात संडीला इथं वेब्ली अँड स्कॉट नावानंही .३२ ची रिव्हॉल्व्हरं बनतात. दुकानात तेही हातात धरून बघा.

हातात धरून बघायचं म्हणजे काय, तर मनगट आणि कोपरापुढचा हात एका रेषेत ठेवून मूठ भरायची. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली खाच मुठीच्या पाठीवर जेवढी वर जाईल तेवढी न्यायची. आता तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग चापावर टेकतो का? टोकच पोचत असेल तर हत्यार हाताला मोठं. दुसऱ्या पेराची वळी टेकत असेल तर लहान, आणि ओढताना तोंड बाजूला जाणार. मनगट वाकवून बोट पोचवू नका. दुकानदार म्हणेल, सवय होईल. होत नाही.

पैशांचं गणित नीट करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलावर ४० टक्के जीएसटी आहे, आधी २८ होता. म्हणजे मूळ किंमत ८०,००० असेल तर तुमच्या हातात १,१२,००० ला पडतं, आणि तुमचा लाख तिथंच संपला. त्यावर होल्स्टर, कानाचे मफ, चष्मा, साफसफाईचं सामान आणि भिंतीला बोल्ट केलेली छोटी तिजोरी. बजेट दीड लाखाचं धरा, नाहीतर जुनं बघा.

जुनं घ्यायला हरकत नाही, आणि तुम्ही तर नशीबवान, कारण तपासायची अवजारं तुमच्याच खिशात असतात. परवानाधारक दुकानातून, परवाना देणाऱ्या कार्यालयात रीतसर नोंद होऊनच घ्यायचं, हे वेगळं सांगत नाही. हत्यार आधी उघडा, सहाही घरं डोळ्यांनी बघा आणि बोटानं चाचपा. मग घोडा ताणून, तो अंगठ्यानं धरून चाप दाबा आणि घोडा हळूच खाली टेकवा. चाप दाबलेलाच ठेवून सिलिंडर डावी-उजवीकडे हलवून पाहा. किंचित प्ले, म्हणजे ढिलेपणा, चालतो. टकटक आवाज येईल इतका असेल तर चेंबर आणि नळी समोरासमोर येत नाहीत. गोळी नळीत शिरताना कडेवर घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात. रेंजवर रिव्हॉल्व्हरवाल्याच्या बाजूला उभं राहू नये ते यासाठीच. सहाही घरांवर हेच करा. एखादंच घर बिघडलेलं असू शकतं.

नळीचं बूड आणि सिलिंडरचं तोंड यांच्यातली फट फिलर गेजनं मोजा. टॅपेट सेट करायला ट्रॅक्टरचा मेस्त्री वापरतो तोच पाकळ्यांचा गेज. ०.१० मिलिमीटरची पाकळी जायला हवी, ०.२५ ची जाता कामा नये. फट फारच कमी असेल तर पाच-पंचवीस गोळ्यांनंतर काजळी साचून सिलिंडर जाम होतो. जास्त असेल तर बाजूनं ज्वाळा आणि शिसं. सिलिंडर पुढं दाबून एकदा आणि मागं ओढून एकदा, अशी दोनदा मोजा. दोन मापांतला फरक म्हणजे सिलिंडरची लांबीतली झीज. मोडून उघडणाऱ्या हत्यारात बिजागरीही बघायची : मिटवून एका हातात नळी, दुसऱ्यात मूठ, आणि हलकेच पिळा. वरची कडी जिथं बसते तिथं उजेडाची रेघ दिसली किंवा कटकट जाणवली तर पैसे खिशातच ठेवा. ही झीज भरून काढणं महाग पडतं. चापाची ओढ मोजायला ताणकाटा पुरतो : हत्यार रिकामं, आकडा चापाच्या मध्यावर, सरळ मागं ओढायचं, पाचदा. पाची वेळा आकडा जवळजवळ सारखा यावा. सिंगल ॲक्शनमध्ये किलोभराच्या खाली सुटणारं हत्यार कुणीतरी आत घासलेलं आहे, ते घेऊ नका. चाप जड वाटला तरी स्वतः आतली पट्टी घासायला बसू नका. लेथवाल्याचे हात शिवशिवतात, म्हणून मुद्दाम सांगतो.

नळीत उजेड टाकून बघा. आतले आटे स्वच्छ दिसावेत. काळे खड्डे म्हणजे गंज. मधेच एखादं गडद कडं दिसलं तर तिथं नळी फुगली आहे. कुणीतरी अडकलेल्या गोळीवर दुसरी झाडली असणार.

ते कसं होतं तेही माहीत असावं. कधी काडतुसात दारू कमी पडते किंवा ओली झालेली असते. बारऐवजी ‘फुस्स’ होतं, उसळी येत नाही, आणि गोळी नळीतच अडकते. अशा वेळी ताबडतोब थांबायचं, हत्यार रिकामं करायचं आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं. ते न बघता पुढची गोळी झाडली की नळी फुगते, कधी फुटते. दुसरी परिस्थिती म्हणजे घोडा पडला आणि काहीच झालं नाही. तेव्हा तोंड लक्ष्याकडे तसंच धरून तीस सेकंद मनात मोजायचे, मगच उघडायचं. दारू उशिरा पेटू शकते. आणि रिव्हॉल्व्हरमध्ये घाईनं पुन्हा चाप ओढला तर ते उशिरा पेटणारं काडतूस नळीसमोरून सरकून बाजूला गेलेलं असतं. पुढचं चित्र डोळ्यांसमोर आणा.

रिव्हॉल्व्हरचा एक गुण मात्र पिस्तुलात तेवढ्या सहज मिळत नाही, तो प्रशिक्षकाकडून वसूल करून घ्या. त्याला तुमच्या नकळत तीन खरी आणि तीन डमी काडतुसं मिसळून भरायला सांगा. कोणतं कधी येणार ते तुम्हाला माहीत नाही. डमीवर घोडा पडला आणि नळीच्या तोंडानं खाली गोता खाल्ला, की तुमचा धसका साऱ्या रेंजला दिसला. दोन-तीनशे गोळ्या वाया घालवून जे कळत नाही ते सहा काडतुसांत कळतं.

परवान्याचं थोडक्यात. सांगलीत पोलीस आयुक्तालय नाही, त्यामुळे अर्ज जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयाच्या गृह शाखेत. अर्ज ए-१ नमुन्यात, सोबत शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं एस-१ प्रमाणपत्र आणि एस-३ वैद्यकीय प्रमाणपत्र. मग पोलीस ठाण्याची चौकशी. मिळाला तर परवाना पाच वर्षांचा. कारणात ‘आत्मसंरक्षण’ लिहून बघू असं कुणी सुचवेल. तुम्हाला धोका नसेल तर ते लिहू नका, चौकशीत उघडं पडतं. ‘लक्ष्यवेध सराव’ लिहायचं असेल तर क्लबचं सदस्यत्व आणि हजेरीचा कागद लागेल. म्हणजे एअर पिस्तुलाचे ते महिने इथंही कामाला येतात. निवडणुकीत हत्यार जमा करण्याचा आदेश आला तर जमा करून पावती घ्या. देण्याआधी नंबर आणि अवस्था यांचे फोटो काढून ठेवा.

देखभालीत आपल्याकडच्या दोन चुका ठरलेल्या. एक, खोबरेल. थंडीत ते गोठतं, पुढं चिकट होतं, आणि चापाच्या आतल्या पट्ट्या जड चालायला लागतात. गन ऑइलचा एक थेंब, तोही पुसून. दुसरी, कातडी होल्स्टरमध्येच हत्यार ठेवून देणं. कातडं कमावताना वापरलेले क्षार ओलावा धरतात आणि कृष्णाकाठच्या पावसाळ्यात महिन्याभरात पोलादावर होल्स्टरच्या आकाराचा गंज उमटतो. होल्स्टर वेगळं, रिव्हॉल्व्हर पुसून सिलिका जेलच्या पुडीसोबत तिजोरीत, काडतुसं दुसऱ्या कुलपात. झाडून झाल्यावर नळीइतकेच सहाही चेंबर ब्रशनं घासा, चेंबरच्या तोंडाशी शिशाचं कडं बसतं. आणि रेंजवरून निघताना वडापाव हातात घ्यायच्या आधी साबणानं हात धुवा, शिसं पोटात जातं.

कानाला मफ हवाच, कापसाचा बोळा चालत नाही. शक्यतो आत प्लग आणि वर मफ, दोन्ही. आखूड नळीच्या रिव्हॉल्व्हरचा आवाज मोठ्या बंदुकीपेक्षा कानाच्या जवळ फुटतो, आणि बार मोठा झाला की दचकण्याची खोड दुप्पट वेगानं लागते. पहिल्या रविवारी जाताना पूर्ण बंद बूट, कॉलर बंद होणारा शर्ट आणि टोपी घाला. शेजाऱ्याच्या पिस्तुलातून उडालेली गरम पुंगळी गळ्यातून आत गेली की भल्याभल्यांच्या हातातलं हत्यार गर्रकन मागं वळतं.